तंबोऱ्याची जोखीम

ज्या गृहस्थाने आपल्या नोकरीची बहुतेक वर्षे एका विमानकंपनीच्या नुकसानभरपाईच्या खात्यात, फाटलेल्या बॅगा, फुटलेल्या लोणच्याच्या बरण्या आणि गहाळ झालेले लग्नाचे शालू यांविषयीच्या अर्जांवर शेरे मारण्यात घालवली, आणि ज्या गृहस्थाने जवळजवळ तितकीच वर्षे षड्ज नेमका कोठे लागतो याच्या शोधात घालवली, त्या दोघांनी निवृत्तीनंतर सांगलीत एकाच आळीत शेजारी येऊन राहावे आणि त्यांच्यात स्नेहही जडावा, ही नियतीची थट्टा म्हणावी की कृपा, हे मला आजवर ठरवता आलेले नाही. पहिल्यांना आम्ही अप्पासाहेब म्हणतो, दुसऱ्यांना बुवा. बुवांना त्यांच्या अमेरिकेतील शिष्यांनी उन्हाळ्यात शिकवण्यासाठी बोलावले आहे, आणि जाताना जोडीतला एक तंबोरा बरोबर नेण्याचा आपला मनोदय त्यांनी जाहीर केल्यापासून या दोघांत जो वाद चालू झाला, त्याचा मी बराचसा श्रोता व क्वचित पंच होतो.

प्रारंभ अप्पासाहेबांनी केला, आणि तो स्वभावधर्माला अनुसरून कलमांपासून केला.

"बुवा, तिकीट काढताना आपण ज्या शर्ती कबूल करतो, त्या कोणा उतारूने अथपासून इतिपर्यंत वाचल्याचे माझ्या पाहण्यात नाही, पण आपण त्या वाचल्या असत्या, तर त्यांत तंबोरा नाही, सारंगी नाही, आहेत ते केवळ इंच आणि किलो, असे आपल्याला आढळले असते. लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज ६२ इंचांच्या आत असावी, हा सामानाचा सर्वसाधारण दंडक आहे; आपला तंबोरा पेटीत घातला की हीच बेरीज शंभराच्या घरात जाते. म्हणजे कंपनीच्या दप्तरी तो मुळातच अपवाद ठरला, आणि अपवादाने आपली सोय आपण पाहावी व तिचा खर्च आपण सोसावा, हे न्यायाला धरूनच आहे. विमानात तीनशे माणसे बसलेली असतात. तुमच्या तंबोऱ्यासाठी वेगळा हमाल ठेवायचा, तर त्याचा पगार त्या तीनशे जणांनी का म्हणून द्यावा?"

"वेगळा हमाल मी मागितलाच नाही, अप्पासाहेब," बुवा म्हणाले. "आहे त्याच हमालाने फेकायची वस्तू फेकावी आणि ठेवायची वस्तू ठेवावी, एवढीच माझी याचना आहे. आपण इंच आणि किलो म्हणता, ते मापही मला मान्य आहे. पण त्या मापात सापडते ते काय? पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूच्या एखाद्या शेतात वेलीवर वाढलेला आणि मग वाळवलेला एक भोपळा, त्याच्यावर बसवलेली तुनीच्या लाकडाची तबली, एक पोकळ दांडी, चार खुंट्या आणि चार तारा. बाजारात मांडले तर हे सगळे मिळून फारसे काही नाही. ज्यासाठी मी हे ओझे वाहायला निघालो आहे, ती जवारी या यादीत कोठेच येत नाही. घोडीचा माथा कानसीने असा घासायचा की तार त्याच्यावर पडता पडता उठावी, आणि मग तार व घोडी यांच्यामध्ये सुताचा एक धागा सरकवत सरकवत त्या नेमक्या जागी आणायचा की स्वर एकदम फुलून यावा. ती जागा केसाएवढी हलली तरी वाद्य मुके होते. ते आपल्या इंचपट्टीला दिसणार नाही."

येथे वाचकांसाठी थोडे विषयांतर करणे मला अवश्य वाटते, कारण बुवांच्या बोलण्यामागे मिरजेचा इतिहास उभा आहे आणि तो सर्वांनाच ठाऊक असेल असे नाही. पटवर्धन संस्थानिकांच्या त्या गावातील शिकलगार घराण्यांचा मूळ धंदा शस्त्रांना धार लावण्याचा. पेशवाई बुडाली, तलवारींची मागणी ओसरली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास फरीदसाहेब सितारमेकर यांच्यासारख्या कारागिरांनी आपल्या हातातले ते पोलादी कसब लाकूड आणि भोपळा यांच्याकडे वळवले. पुढे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले आणि कारागिरांच्या हाताशेजारी त्या तोलाचा कान येऊन बसला; ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्याच्या उरुसात खाँसाहेबांच्या स्मरणार्थ आजही गाणे-बजावणे होते. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. सरकारी सनदेला तंबोरा ठाऊक झाला आहे. विमानकंपनीच्या शर्तींना तो ठाऊक व्हायचा आहे, इतकेच.

अप्पासाहेबांनी बुवांचे बोलणे शांतपणे ऐकून घेतले आणि पुन्हा सूत्र हाती घेतले.

"भावनेचा भाग घटकाभर बाजूला ठेवून आपण पैशाचे बोलू. वॉर्सा येथे १९२९ साली जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यात सामानाची भरपाई वजनावर ठरत असे; किलोमागे अमुक इतके सुवर्णफ्रँक. म्हणजे वाद्य जितके पातळ आणि हलके, अर्थात जितके चांगले, तितकी भरपाई कमी, असा तो उफराटा हिशेब होता, आणि तो उफराटा होता हे मी मान्य करतो. १९९९ च्या मॉन्ट्रियल करारात, ज्यात हिंदुस्थान २००९ साली सामील झाला, वजनाची अट गेली आणि दर उतारूमागे एकच मर्यादा आली. ती आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या हिशेबी चलनात मोजतात. डिसेंबर २०२४ अखेरपासून ती १,५१९ एकक आहे, म्हणजे आपल्या रुपयांत पावणेदोन ते दोन लाखांच्या दरम्यान. आपण तंबोरा केवढ्याला घेतलात ते मला ठाऊक आहे. त्याच्या चारपट रक्कम देण्याची कायद्याची तयारी आहे. मग अन्याय तो कोठे झाला?"

हा प्रश्न बिनतोड होता असे मला त्या क्षणी वाटले. बुवांनी सुपारी कातरण्याचे काम पुरे केले आणि मग उत्तर दिले.

"चारपट द्या की दहापट द्या, तो पैसा मिरजेत खर्च करता येतो. भोपळ्याला तडा जाणे ही आमच्याकडे काही अनर्थाची गोष्ट नव्हे. मिरजेत सतारमेकरांच्या आळीत नेऊन टाकला की चार दिवसांत तो आतून-बाहेरून सांधून, वर रोगण चढवून परत देतात, आणि पुष्कळदा सांधलेला भोपळा पहिल्यापेक्षा बरा बोलतो. घोडी निसटली तर संध्याकाळी बसवून मिळते. पण हेच सगळे न्यू जर्सीत घडले, तर आपले पावणेदोन लाख खिशात घालून मी कोणाच्या दारी जाऊ? तिथे पियानो जुळवणारा मिळेल, गिटार दुरुस्त करणारा मिळेल. भोपळा सांधणारा आणि जवारी लावणारा हात मिळायला मला पुन्हा विमानातच बसावे लागेल. आपला कायदा वस्तूची किंमत धरतो; वस्तू आणि तिचा कारागीर यांच्यामध्ये पडलेले अंतर त्याने कधी धरलेले नाही."

या वादात बुवा अनेक ठिकाणी हट्टी होते, काही ठिकाणी तर अडाणीही होते. विमानाच्या पोटात हवाच नसते अशी त्यांची ठाम समजूत होती आणि ती दूर करायला अप्पासाहेबांना बरेच सायास पडले. पण हा मुद्दा त्यांनी अचूक मांडला, असे माझे मत आहे. जी वस्तू कोठेही दुरुस्त होते तिचे नुकसान आणि जी एकाच गावी दुरुस्त होते तिचे नुकसान, ही दोन्ही एकाच तराजूत घालणारा कायदा सोयीचा असेल, पण त्याला सूक्ष्म म्हणता येणार नाही.

हवेविषयी जे निष्पन्न झाले ते थोडक्यात सांगतो. मालकक्षातही प्रवाशांच्या कक्षाइतकाच दाब राखलेला असतो, म्हणजे सात-आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावा तसा. खरा वैरी आहे तो कोरडेपणा. उंचावरून चालणाऱ्या विमानात आर्द्रता बहुधा शेकडा वीसच्याही खाली जाते, आणि सांगली-मिरजेच्या पावसाळी हवेत मुरलेले लाकूड चौदा-पंधरा तासांत आकसू लागते. म्हणून तारा उतरवाव्यात, पण घोडी जागची हलेल इतक्या सैल सोडू नयेत, तबली आणि तारा यांच्यामध्ये मऊ कापडाची घडी सारावी, आणि गवसणीसह वाद्य फायबरच्या पेटीत असे दाबून बसवावे की पेटी हलवली तरी आत काही हलू नये. याविषयी दोघांत दुमत नव्हते.

दुमत झाले ते पर्यायांवर. अप्पासाहेबांनी विचारले, "बंगळूरच्या राज नारायण यांनी १९७९ साली इलेक्ट्रॉनिक तंबोरा काढला, त्याला आता चार तपांच्या जवळपास काळ लोटला, हल्ली तर तो खिशातल्या फोनमध्येही वाजतो. शिवाय भोपळ्याऐवजी लाकडाची चपटी पेटी असलेले प्रवासी तंबोरे आपल्या मिरजेचेच कारागीर करतात. विमानाचे युग कारागिरांनी ओळखले, बुवा. ओळखायचे राहिलात ते आपण."

अशा प्रश्नावर जुना गवई खवळेल अशी माझी अपेक्षा होती. पण बुवा हसले. "ते यंत्र माझ्याही घरात आहे, आणि पहाटे एकट्याने रियाज करताना मी ते लावतो. त्याची निंदा करून मी कृतघ्न होणार नाही. चपटा तंबोराही मी वाजवून पाहिला आहे. त्याचा खर्ज उथळ लागतो, पण प्रवासापुरता तो चालेल. माझे काम मात्र निराळे आहे. तिथली माझी मुले गळ्याची चांगली आहेत. दोघे-तिघे तर मैफलीत बसण्यासारखे गातात. पण त्यांनी तंबोरा कधी जुळवलेला नाही, कारण त्यांच्याकडे बटण आहे. खुंटी पिळून जोडीच्या तारा एकमेकींत विरघळवायच्या, मग मणी रेसभर सरकवून राहिलेली कसर काढायची, आणि अर्ध्या घटकेने हवा बदलली की पुन्हा तेच करायचे, यात जो कान तयार होतो तो यंत्राने होत नाही. यंत्र बेसूर होत नाही, म्हणूनच ते शिकवू शकत नाही. मी जो नेतो आहे तो माझ्या साथीसाठी नव्हे. तो त्यांना बिघडवायला आणि पुन्हा जुळवायला द्यायचा आहे."

यावर अप्पासाहेबांना काही बोलता आले नाही, आणि बोलता येत नसले की ते व्यवहाराकडे वळतात. "तसे असेल तर त्याचे तिकीट काढा. चेलोवाले हे वर्षानुवर्षे करीत आले आहेत. लिन हॅरेल नावाचे थोर अमेरिकन चेलोवादक आपल्या वाद्यासाठी पूर्ण भाड्याची जागा घेत आणि प्रवासाच्या मैलांची बक्षिसीही त्या वाद्याच्या नावे जमा करवून घेत. २०१२ साली विमानकंपनीच्या ध्यानात आले की आपला हा नेमस्त उतारू लाकडाचा आहे, आणि तिने वाद्याचेच नव्हे तर मालकाचेही खाते बंद करून टाकले. बक्षिसीचा लोभ सोडाल, तर जागा मिळेल. ती खिडकीजवळची असेल, वाद्याला पट्ट्याने बांधावे लागेल, आणि त्याच्यामुळे कोणाची वाट किंवा संकटकाळच्या दाराची पाटी झाकता कामा नये."

"खुर्चीच्या दोन हातांमध्ये अंतर किती?"

"सतरा-अठरा इंच."

"मर्दानी तंबोऱ्याचा भोपळा तेवढाच असतो, आणि त्यावर पेटी. तो हातांवर बसेल, हातांमध्ये नव्हे."

"मग अमेरिकन कंपनीने जा. त्यांच्या काँग्रेसने २०१२ साली कायदा केला आणि २०१५ पासून त्याचे नियम अंमलात आले. लहान वाद्य डोक्यावरच्या कप्प्यात मावत असेल आणि आपण चढतेवेळी तिथे जागा मोकळी असेल, तर ते नेऊ द्यावेच लागते, आणि मागून आलेल्या बॅगेसाठी ते काढायला लावता येत नाही. मोठे वाद्य पोटात द्यायचे, तर लांबी-रुंदी-उंचीची बेरीज १५० इंच आणि वजन १६५ पौंडांपर्यंत ते स्वीकारणे त्यांना भाग आहे. आपल्या शंभर इंचांना तिथे अपवाद म्हणता येणार नाही. मात्र हे बंधन अमेरिकन कंपन्यांवरच आहे. आपण दुसऱ्या देशाच्या विमानाने गेलात तर ते कलम आपल्या उपयोगी पडणार नाही."

इथवर येईपर्यंत अप्पासाहेब कंपनीचे वकील राहिलेले नव्हते. पंच म्हणून माझ्या ते ध्यानात आले होते. त्यांच्या स्वतःच्या आले नव्हते. मात्र एका बाबतीत ते अखेरपर्यंत कठोर राहिले, आणि ती बाब बुवांना सर्वांत जिव्हारी लागली.

"तंबोऱ्याची घोडी कशाची आहे?"

"गुरुजींच्या वेळची आहे. हस्तिदंती."

"मग तो तंबोरा घराबाहेर निघणार नाही. आशियाई हत्ती १९७५ पासून आणि आफ्रिकी हत्ती १९९० पासून आंतरराष्ट्रीय कराराच्या कडक यादीत आहेत. आपल्याकडचा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि त्याखाली हस्तिदंत परदेशी नेणे तर राहोच, घरात बाळगायलाही दस्तऐवज लागतो. २०१४ साली बुडापेस्टच्या एका नामांकित वाद्यवृंदाचे सात गज न्यूयॉर्कच्या विमानतळावर अडकवून ठेवण्यात आले होते, आणि संशय होता तो गजाच्या टोकावरच्या नखाएवढ्या तुकड्याचा. फुटलेल्या भोपळ्याची भरपाई मिळते, बुवा. जप्त झालेल्या घोडीची मिळत नाही. वर मुचलका लिहून द्यावा लागेल तो निराळाच."

"त्या घोडीवरची जवारी लावणारे आता हयात नाहीत," बुवा म्हणाले.

"आणि तो हत्तीही नाही," अप्पासाहेब उत्तरले.

हे उत्तर निष्ठुर होते, परंतु खोटे नव्हते. आपल्या संगीताने ज्या मृत्यूंवर आपला नाद उभा केला, त्यांचा हिशेब संगीताने स्वतः होऊन कधी मांडला नाही. तो जकातीच्या अंमलदाराला मांडावा लागला, ही गोष्ट रसिकांनी मानभंग वाटून न घेता ऐकायला हवी. बुवांनी ती तशी ऐकली की नाही हे मला सांगता येणार नाही. पण त्यानंतरच्या आठवड्यात ते मिरजेला जाऊन आले आणि जोडीतल्या दुसऱ्या तंबोऱ्याला हाडाची नवी घोडी बसवून आणली.

उरली होती ती चिठी. सामान देण्याच्या खिडकीवर नाजूक वस्तूबरोबर एक छापील चिठी सहीसाठी पुढे सरकवतात, आणि 'मोडतोडीस कंपनी जबाबदार नाही' असा तिचा मथितार्थ असतो. बुवांचा सारा संताप या चिठीवर होता. सही केली नाही तर तंबोरा राहतो, आणि केली तर हक्क जातो, अशी ती कात्री होती. अप्पासाहेबांनी इकडे तिकडे पाहिले. खात्यातून निवृत्त होऊन इतकी वर्षे झाली, तरी जुन्या साहेबाच्या कानावर जाईल असे भय त्यांना वाटले असावे.

"सही करा," ते म्हणाले. "मॉन्ट्रियलच्या सव्विसाव्या कलमाप्रमाणे, वाहकाची जबाबदारी उडवणारी किंवा ठरल्या मर्यादेच्या खाली नेणारी कोणतीही अट मुळातच रद्दबातल आहे. सतराव्या कलमात कंपनीला एकच पळवाट आहे, ती अशी की नुकसान वस्तूच्या अंगच्याच दोषाने झाले. ती चिठी या पळवाटेपुरती त्यांच्या उपयोगी पडते. म्हणून पेटी बंद करण्यापूर्वी चारी बाजूंनी छायाचित्रे घ्या, म्हणजे तडा आधीचा होता असे म्हणायला जागा राहणार नाही. आम्ही खात्यात जे दावे फेटाळत होतो, त्यांतले कितीतरी नुकसान नाकारून नव्हे, तर मुदत दाखवून फेटाळत होतो. मोडलेल्या सामानाची लेखी तक्रार ते ताब्यात मिळाल्यापासून सात दिवसांत झाली पाहिजे. आठव्या दिवशी सगळी कलमे मुकी होतात. कॅनडातील डेव्ह कॅरोल नावाच्या गायकाची गिटार २००८ साली शिकागोत हमालांनी फेकून मोडली, आणि चोवीस तासांत दावा केला नाही, याच सबबीवर कंपनीने त्याला झुलवत ठेवले. त्याने २००९ साली त्यावर गाणे रचून जगभर नाचक्की केली हे खरे. पण आपण ख्याल गाता. ख्यालात कंपनीचे नाव घालायचे म्हटले तर अंतऱ्यापर्यंत पोहोचायलाच मुदत संपून जाईल."

"सात दिवस पुरे आहेत का पण? विमानातून उतरलेला तंबोरा तीन दिवस कोणाचाच नसतो. लाकूड नव्या हवेत बसेपर्यंत त्याची जवारी खरी की खोटी, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही."

"तीन गेले तर चार उरतात. आणि तडा तर लगेच दिसतो. पट्ट्यावरून पेटी उचलली की तिथेच उघडा. दाराबाहेर गेल्यावर पुरावा अर्धा होतो."

"नुसता उघडून काय होते? तबलीला केसासारखी भेग गेली असेल तर ती डोळ्याला दिसत नाही, कानाला कळते. तार चढवून वाजवल्याशिवाय मी ग्वाही कशी देऊ?"

"मग वाजवा."

"तिथे? सामानाच्या पट्ट्यापाशी, शे-दोनशे माणसांच्या गर्दीत? जुळवायला अर्धा तास लागेल, आणि गलका एवढा की पंचम ऐकू यायचा नाही."

अप्पासाहेबांनी चष्मा पुसला, घडी घातलेला शर्तींचा कागद पुन्हा उलगडला आणि तो शेवटच्या पानापर्यंत खाली उतरत वाचला. "मनाई कोठेही नाही," ते म्हणाले. "गाऊ मात्र नका."